फलाट तीनवरचा ग्रंथालय वर्ग

पुस्तकांवर धूळ साठते ती कुणी मुद्दाम आणून टाकत नाही. किस्से तसेच साठतात. त्या वर्गातले आम्ही तिघं-चौघं अजून वर्षातून एकदा सांगलीत भेटतो. गुडघ्यांची, नातवंडांची आणि साखरेची चौकशी पंधरा मिनिटांत उरकते, आणि मग कुणीतरी म्हणतं, "आष्टेकर सरांनी तेव्हा काय केलं होतं, आठवतंय का?" झालं. चहा दोनदा येतो आणि दोनदा गार होतो.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. ग्रंथपालांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग सांगलीत शनिवार-रविवारी भरायचा, एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत. आम्ही एकोणीस जण होतो. सगळे आधीच कुठल्या ना कुठल्या गावच्या वाचनालयात चिकटलेले. काम म्हणजे सकाळी वर्तमानपत्रं मांडायची आणि संध्याकाळी गोळा करायची. मी शालन, कुंडलची. बावीस वर्षांची होते. घरी ऊस होता, दोन भाऊ सैन्यात होते, आणि मुलीनं सांगलीला एकटीनं जाण्याची ती पहिलीच वेळ.

आष्टेकर सर सांगलीतल्याच एका कॉलेजचे ग्रंथपाल. पन्नाशीचे, सडपातळ, आवाज इतका हळू की मागच्या बाकावरच्यांना पुढं यावंच लागायचं. हातात खडू असायचा, पण फळ्यावर फार कमी लिहायचे.

* * *

पहिल्या दिवशी सर वर्गात आले, हजेरी घेतली, आणि काही न बोलता बाहेर गेले. पाच मिनिटांनी परत आले ते हात झटकत.

"तुमच्या सगळ्यांच्या चपला मी एकत्र करून टाकल्यात. एकोणीस माणसं, अडतीस चपला. जाऊन अशा लावा की ज्याला जी हवी ती पटकन सापडेल. दहा मिनिटं."

आम्ही एकमेकांकडं बघत बाहेर आलो. व्हरांड्यात चपलांचा ढीग होता. लगेच पुढं झाले ते जाधव तात्या. तात्या शिरवळजवळच्या गावचे, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. शनिवारी मुक्काम सांगलीत बहिणीकडं करायचे. त्यांनी हुकूम सोडला, "मोठी डावीकडं, ल्हान उजवीकडं. लाइन सरळ पायजे." कुसुमताई माधवनगरच्या, गिरणीच्या चाळीतलं बायकांचं वाचनालय सांभाळणाऱ्या. त्या म्हणाल्या, "अहो तात्या, आधी बायकांच्या वेगळ्या काढू. मग चामडी वेगळी आणि रबरी वेगळी." दोघांची जुंपली. चपला एकदा तात्यांच्या बाजूनं लागायच्या, एकदा कुसुमताईंच्या.

बिरू कोळेकर मात्र ढिगाजवळ आलाच नव्हता. जतच्या बाजूचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला मॅट्रिक. तो एकेकाजवळ जाऊन हळूच काहीतरी विचारत होता. माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "ताई, तुमची गाडी कितीची?"

"चार पन्नासची."

तो मान हलवून पुढं गेला. शेवटच्या दोन मिनिटांत त्यानं भराभरा चपला उचलल्या आणि दारापासून ओळ लावली. तात्या रागावणार एवढ्यात सर बाहेर आले.

"हे कुणी लावलं?"

"मी," बिरू म्हणाला. "ज्येची गाडी आदी, त्येची चप्पल दाराजवळ."

सर थोडा वेळ त्या ओळीकडं बघत राहिले. मोठी चप्पल, लहान चप्पल, चामड्याची, रबराची, सगळी सरमिसळ होती. दिसायला काही छान नव्हती.

"तात्यांची ओळ फोटोत चांगली दिसली असती," ते म्हणाले. "कुसुमताईंची दुकानदाराला आवडली असती. पण चपला शोधायला तुम्ही येणार आहात. वर्गीकरण शिकायचं म्हणजे हे शिकायचं. वाचकाची गाडी कितीची आहे, ते आधी विचारा."

मग त्यांनी पुस्तकांना विषयावरून आकडे देण्याच्या दशांश पद्धतीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडलं. आम्हा निम्म्याजणांना ते वाचताही येत नव्हतं. पण त्या दिवशी त्याची भीती वाटली नाही.

* * *

तालिका, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची कार्डं, शिकवायची होती. सरांनी प्रत्येकाला एक कोरं कार्ड दिलं आणि म्हणाले, "पुस्तकाचं नको. स्वतःचं कार्ड करा. तुमचा शोध घेत कुणी आलं तर ते तुम्हाला कुठल्या नावानं शोधेल, ते वर लिहा."

सगळ्यांनी आपापली नावं लिहिली. तात्यांनी नावाआधी हवालदार लिहिलं आणि सरांनी ते राहू दिलं. कुसुमताईंनी मात्र कार्ड पुढ्यात ठेवलं होतं आणि पेनाचं टोपणही काढलं नव्हतं.

"काय अडलं?"

"सर, कुठलं नाव लिहू? लग्नात माझं नाव बदललं. माहेरी मी कमळ होते."

वर्गात कुणाला यात विशेष काही वाटलं नाही. तेव्हा सगळ्यांचीच नावं बदलायची. माझ्या आईचं बदललं होतं, वहिनीचंही. पण सर खुर्ची ओढून कुसुमताईंच्या बाकासमोर बसले.

"यासाठी एक सोय आहे. दोन कार्डं करायची. एकावर पूर्ण माहिती, दुसऱ्यावर फक्त एवढंच, की इथं नाही, अमुक नावाखाली पाहा. म्हणजे कुठल्याही नावानं शोधणारा माणूस पोचतो."

"मग कमळ, पाहा कुसुम. असंच ना?"

"बहुतेक जण असंच करतात. मुख्य नोंद कुठली, हे पुस्तकाला विचारता येत नाही, म्हणून आपण नियम लावतो. तुम्हाला विचारता येतंय. तुम्ही सांगा."

कुसुमताईंनी बराच वेळ घेतला. आम्ही आमची कार्डं सुवाच्य करण्याचं सोंग करत होतो. मग त्यांनी दोन्ही कार्डं लिहिली आणि सरांच्या हातात दिली. पूर्ण माहितीच्या कार्डावर वर कमळ लिहिलं होतं. दुसऱ्यावर होतं, "कुसुम. पाहा: कमळ."

सरांनी ती वाचली आणि खोक्यात त्या त्या जागी घातली. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना सोळाव्या नंबरला त्यांनी नेहमीच्याच आवाजात हाक मारली, "कमळ."

उत्तर यायला वेळ लागला. "हजर" म्हणताना ताई बाकावरून उठून उभ्याच राहिल्या.

सुट्टीत नळावर हात धुताना त्या मला म्हणाल्या, "वडील गेल्यापासून या नावानं कुणी हाकच मारली नव्हती गं. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत."

* * *

एका रविवारी आम्ही आलो तर सर दारातच उभे होते. प्रत्येकाचा डबा मागून घेत होते. सगळे डबे त्यांनी कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

जेवायच्या सुट्टीत आम्ही डबे मागायला गेलो तर सर कपाटापुढं, देवघेवीच्या खिडकीच्या आत बसलेले. समोर चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता.

"ज्याला जे हवंय ते चिठ्ठीवर लिहून द्या."

तात्यांनी लिहिलं, "डबा." चिठ्ठी परत आली. "माहिती अपुरी." त्यांनी लिहिलं, "पितळी डबा, जाधव." आतून उत्तर आलं, "पितळी तीन आहेत. आत काय आहे?" तात्या म्हणाले, "ते भैनीला ठावं. मी उघडून कुठं बघितलंय?" बिरूनं लिहिलं, "भाकरी," आणि त्याला कुणाचा तरी पोळ्यांचा डबा मिळाला. तो त्यानं प्रामाणिकपणे परत केला. माझ्या चिठ्ठीवर सरांनी लिहिलं, "बाहेर गेला आहे. पुढच्या आठवड्यात चौकशी करा."

पाऊण तास गेला. पोटात कावळे ओरडत होते आणि चेष्टा आता चेष्टा वाटत नव्हती. शेवटी तात्या खिडकीवर हात ठेवून म्हणाले, "सर, आमचंच जेवण हाय न्हवं?"

सर उठले, कपाट उघडलं, दोन्ही दारं सताड उघडी टाकली आणि बाजूला झाले.

एक गोष्ट सांगायची राहिली. तोवर आम्ही जेवायला एकत्र बसत नव्हतो. ज्याचा त्याचा गट होता. बिरू तर बाहेर पिंपळाखाली जाऊन बसायचा आणि त्याला कुणी कधी बोलावलंही नव्हतं. त्या दिवशी डबे सगळ्यांसमोर उघडले. कुणाचं काय आहे ते सगळ्यांनी पाहिलं. बिरूच्या फडक्यात दोन बाजरीच्या भाकरी आणि लाल चटणी होती. कुसुमताईंनी त्यातला तुकडा मोडून घेतला, आणि चटणीनं डोळ्यांत पाणी आल्यावर म्हणाल्या, "हे एवढे दिवस लपवून एकटाच खात होतास व्हय रे?"

जेवणं झाल्यावर तात्यांनी विचारलं, "मंग सर, पुस्तकाच्या कपाटाला कुलूप असतं कशाला?"

"मलाही तेच विचारायचंय," सर म्हणाले. "गावी गेल्यावर ज्याच्याकडं किल्ली आहे त्याला विचारून या."

आमच्या वाचनालयाच्या कपाटांच्या किल्ल्या अध्यक्षांच्या कमरेला असायच्या. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. माझ्या वडिलांपेक्षा मोठे. सोमवारी मी त्यांच्या दारात गेले.

"आवं अण्णा, एक कपाट उघडं ठेवायचं म्हणते."

"आन् पुस्तकं गेली म्हंजे?"

"गेली तर मी भरून देईन."

"तू कुठनं देशील?" ते हसले. मग म्हणाले, "बरं. एकच कपाट. एक म्हैना. न्हाई जमलं तर पुन्यांदा नाव काढायचं न्हाई."

महिन्याभरात तीन पुस्तकं गेली. माझी झोप उडाली. मी आईला सोडून कुणाला सांगितलं नाही. महिना संपायच्या दोन दिवस आधी दोन पुस्तकं जागेवर परत दिसली. तिसरं नव्हतंच. मी अण्णांना खरं ते सांगायला गेले, तर ते पुस्तक त्यांच्या घरात, सुनेच्या मांडीवर होतं. फाटलेल्या पुठ्ठ्याला तिनं जुन्या लुगड्याच्या काठाचं कव्हर शिवलं होतं.

अण्णांनी ते पाहिलं, मला पाहिलं, आणि कमरेची दुसरी किल्ली सोडून हातावर ठेवली.

* * *

वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं कशी द्यायची, हा धडा सरांनी आठवडी बाजारात ठेवला. "ग्रंथालयात येणारा माणूस प्रश्न घरून घेऊन येतो," ते म्हणाले. "तिथं तो नीटनेटका करून विचारतो. तुम्ही मूळचा ऐका. बाजारात जा, प्रत्येकानं पाच प्रश्न आणा."

ते आणीबाणीचं वर्ष होतं. कुटुंबनियोजनाची मोहीम जोरात होती आणि वहीवाला माणूस दिसला की लोक वाट बदलायचे. हे आमच्या लक्षात होतं. तात्यांच्या नव्हतं. त्यांनी खाकी पँट घातली, काखेत रजिस्टर मारलं, आणि कांद्याच्या ओळीत उभं राहून परेडच्या आवाजात विचारलं, "कुणाला काय अडचण हाय का?"

ओळ रिकामी झाली. एक म्हातारा तेवढा मागं राहिला, कारण त्याला पळता येत नव्हतं. तो हात जोडून म्हणाला, "सायब, माजं मागंच झालंय. सर्टिफिकीट घरी हाय."

तात्या एकही प्रश्न न घेता परत आले. आम्ही हसलो. सर हसले नाहीत. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. वही नेऊ नका."

पुढच्या आठवड्यात तात्या धोतर नेसून गेले आणि एकच प्रश्न घेऊन आले. कवठ्याकडची एक मावशी मिरच्या विकत होती. तिचा मुलगा फौजेत होता. त्याच्या पत्रावर गावाचं नाव नसायचं, नुसतं एपीओ आणि पुढं आकडा. तिनं तात्यांना विचारलं होतं, "ह्ये एपीओ गाव कुठं आलं?"

"नकाशात पाहिलंत?" सरांनी विचारलं.

"नकाशात नसतंय ते. फौजेचं टपाल तसंच येतं. पोरगं कुठं हाय ते आईलाबी सांगत न्हाईत."

"मग काय उत्तर दिलंत?"

तात्या म्हणाले, "मी म्हनलं, मावशी, मीबी तिथं हुतो. लय थंडी असती. पर जेवान येळेवर देत्यात. लोकरीचं कायतरी धाडा." मग घाईनं म्हणाले, "पुस्तकातलं न्हवतं, सर. गुण कापा."

सरांनी वहीत काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही. पण त्या दिवसानंतर तात्यांनी कार्डावरचं हवालदार स्वतःच्या हातानं खोडलं आणि फक्त जाधव ठेवलं.

* * *

चौथ्या महिन्यात वरच्या कचेरीतून एक साहेब वर्ग तपासायला आले. न कळवता आले. वर्गात कुणीच नव्हतं. फळ्यावर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं: "वर्ग. पाहा: एसटी स्टँड, फलाट तीन."

आम्ही खरंच तिथं होतो. पुस्तकाच्या शेवटी शब्दांची सूची असते ती कशी वापरायची, हे सर एसटीच्या वेळापत्रकावरून शिकवत होते. फलाटावर अक्षरओळख नसलेला एखादा प्रवासी गाठायचा, त्याला कुठं जायचंय ते विचारायचं, आणि बोर्डावर बोट ठेवून ते गाव शोधून द्यायचं. मी एका बाईंना मिरजेची गाडी दाखवत होते तेव्हा मागून आवाज आला, "आष्टेकर कोण?"

साहेब घामाघूम झाले होते. टाय होता. गोरापान चेहरा लाल झालेला.

"हे अभ्यासक्रमात कुठं बसतं?"

"सूचीच्या प्रकरणात," सर म्हणाले.

"ग्रंथालयशास्त्र हे शास्त्र आहे. तुम्ही त्याचा बाजार केलाय."

आम्ही एकोणीस जण ऐकत होतो. सर उलट बोलले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "या माणसांना उद्या गावात एकट्यानं वाचनालय चालवायचंय, साहेब."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. नेमलेल्या पुस्तकाप्रमाणं शिकवा, नाहीतर वर्ग पुढच्या वर्षी दुसरीकडं हलवू. सरांनी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "वह्या काढा."

त्यानंतर सहा आठवडे ते टिपणं सांगत होते. आम्ही लिहीत होतो. व्याख्या, गुणधर्म, फायदे, तोटे. मागच्या बाकावरच्यांना ऐकू यायचं नाही, आणि आता कुणी पुढंही येत नव्हतं. बिरूची पेन्सिल तिसऱ्या ओळीतच थांबायची. त्याच्या गावच्या वाचनालयात त्याची नेमणूक पक्की व्हायची ती या प्रमाणपत्रावर. नाहीतर दसऱ्यानंतर भावाबरोबर मेंढरांमागं जायचं, हे घरी ठरलं होतं.

एका शनिवारी तात्यांनी सर यायच्या आधी वर्गाचं दार लावून घेतलं. म्हणाले, "ह्यो गडी नापास झाला तर आपुन सगळे नापास. दर वर्गाला एकानं त्येला एक धडा शिकवायचा. सरांच्या रीतीनं."

मग आम्ही शिकवायला लागलो. मी बिरूला नव्या पुस्तकांची दाखल नोंदवही शिकवली ती त्याच्याच मेंढरांवरून. नवं कोकरू कळपात आलं की काय काय लक्षात ठेवतोस? कवा आलं, कुठनं आलं, खूण काय, मेलं की विकलं. तो म्हणाला, "एवढंच व्हय?" आणि एका बैठकीत सगळे रकाने त्याचे पाठ झाले. सर दाराबाहेर उभे राहून ऐकत होते ते मला निघताना कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला नुसताच पुसत राहिले.

तोंडी परीक्षेला तेच साहेब आले. बिरूला त्यांनी विचारलं, "वाचकाला पुस्तक हवंय. नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही, विषयही धड सांगता येत नाही. काय कराल?"

बिरू म्हणाला, "त्येला इचारीन, ह्या पुस्तकाचं तुला कुणी सांगितलं? मंग त्या माणसाला जाऊन इचारीन."

साहेबांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं, असं बिरू सांगतो. तो काठावर पास झाला. वर्गात पहिल्या आल्या कुसुमताई. प्रमाणपत्रावर काय नाव घालायचं असं कचेरीनं विचारलं तेव्हा त्यांनी दोन्ही घालून घेतली.

* * *

यानंतरची गोष्ट दोनेक वर्षांनंतरची. मी तेव्हा सरांच्याच ग्रंथालयात साहाय्यक म्हणून लागले होते. गावोगावची वाचनालयं तपासायला त्याच साहेबांचा दौरा निघाला आणि मदतीला सर आणि मी जीपमधून गेलो. जून लागला होता. जतच्या बाजूला नुकताच एक पाऊस होऊन गेला होता आणि माळावर जेमतेम हिरवी झाक आली होती.

बिरूचं वाचनालय म्हणजे पंचायतीच्या शेजारची एक खोली. दोन उघडी कपाटं, एक टेबल. साहेबांनी देवघेवीचं रजिस्टर मागितलं. चाळता चाळता ते थांबले.

"परत करायच्या तारखेच्या रकान्यात हे काय लिहिलंय?"

मी वाकून पाहिलं. एकाखाली एक, वीस-पंचवीस नोंदींसमोर बिरूच्या अक्षरात लिहिलं होतं, "मेंढरं आल्यावर."

"आमची मान्सं दसऱ्याला मेंढरं घिऊन जात्यात, साहेब," बिरू म्हणाला. "पार कोकणापतूर. पाऊस लागला की माघारी. पंधरा दिसांची मुदत दिली तर पुस्तक न्यायचं कुणी?"

"तारीख लागते, कोळेकर. नियम आहे. आठ महिने पुस्तक बाहेर ठेवायचं, ते हरवलं तर?"

बिरू उत्तर देणार तेवढ्यात दारात एक म्हातारा आला. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं. बाहेर काठी टेकवून ठेवली, आत येऊन घोंगड्यातनं फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"सिदूबाबा," बिरूनं ओळख करून दिली. "कालच आल्यात."

साहेबांनी फडकं सोडलं. ती एक कादंबरी होती. त्यांनी पानं उलटली आणि त्यांचा चेहरा कडक झाला. दर पाच-दहा पानांवर समासात पेन्सिलीनं, पेननं, वेगवेगळ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. कराड. पाटण. हेळवाक. शिरगाव.

"पुस्तकावर लिहायला परवानगी नाही, बाबा."

"मी न्हाई लिवलं सायब," म्हातारा म्हणाला. "मला लिवता येत न्हाई."

"वाचता येतं?"

"न्हाई."

"मग पुस्तक नेता कशाला?"

"वाटंत कुनाला तरी येतंय की वाचाय. ज्येच्या रानात मेंढरं बसवायची, त्येला म्हनायचं, चार पानं वाचा. कुठं मास्तर गावला, कुठं टपालवाला. एक नर्सबाई हुती, तिनं लय वाचलं. जितं थांबलं तितं त्येनी गावाचं नाव घाटलं, म्हंजी फुडच्याला कळावं."

साहेब परत पानं उलटू लागले, आता सावकाश. शेवटच्या खुणेपाशी आले. तिच्यापुढं गोष्टीची अजून चार पानं उरली होती.

"हे पुरं झालेलं नाही."

"न्हाई. शेवटाला कुनी गावलंच न्हाई. आन् पाऊस आला."

"मग परत का केलंत?"

"मुदत संपली न्हवं," सिदूबाबा म्हणाला. "मेंढरं आली."

बिरू पुढं झाला. "बाबा, आना हिकडं, मी वाचून दावतो." साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. बाहेर जीपच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. अजून तीन गावं व्हायची होती. साहेबांनी रजिस्टर मिटलं, चष्मा नीट केला आणि पुस्तक डोळ्यांजवळ घेतलं.

"कुठवर आलं होतं?"

"नदी चढलीया," म्हातारा म्हणाला. "बाई ह्या काठाला हाय, आन् नावाडी पल्याड."